पेसमेकरची फाइल वाचायची कशी?

घरात कुणाला पेसमेकर बसला की डिस्चार्जच्या वेळी हातात एक फाइल येते. तिच्यात एका पानावर 'डीडीडीआर ६०-१३०' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'आय ४४.२', आणखी कुठे 'झेड ९५.०'. शस्त्रक्रियेच्या कागदावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. बिल भागतं, मेडिक्लेमचे पैसे येतात आणि फाइल कपाटात जाते. मग काही वर्षांनी आजोबा न्हाणीघरात पडतात, खुब्याचं ऑपरेशन ठरतं आणि भूलतज्ज्ञ विचारतात, "पेसमेकर कुठला आहे? वायरी किती? मशीनशिवाय यांचे स्वतःचे ठोके पडतात का?" घरातले एकमेकांकडे बघत राहतात.

मी पुण्यात मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या हृदयविभागाच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा, हे माझं काम. या क्रमांकांवर तिकडे विम्याचं बिल ठरतं, म्हणून लोकांना हे हिशेबाचं खातं वाटतं. पण पेसमेकरच्या फायली वाचता वाचता माझी खात्री पटली आहे की ही अक्षरं आणि आकडे रुग्णाच्या घरच्यांनाही कळायला हवेत. त्यात अवघड फार थोडं आहे, आणि ते कळलं नाही तर पुढच्या उपचारात थेट अडचण येते.

फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारचे संकेत असतात. मशीन कसं वागतं ते सांगणारी अक्षरं, आजार सांगणारे क्रमांक आणि काय शस्त्रक्रिया केली ते सांगणारे क्रमांक. तिन्हींची गल्लत होते, म्हणून एकेक घेऊ.

मशीनची अक्षरं

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून विजेची लहर निघते, मधल्या एका ठाण्यातून खाली उतरते आणि खालचे कप्पे आकुंचन पावतात. विश्रांतीत हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडतं. पुंजकाच थकला तर त्याला सिक सायनस सिंड्रोम म्हणतात. पुंजका ठीक आहे पण लहर मधल्या ठाण्यावर अडते, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. लहर अजिबातच खाली पोचत नसेल तर तो कम्प्लीट हार्ट ब्लॉक. (रक्तवाहिनीतल्या 'ब्लॉकेज'शी याचा संबंध नाही. ते अँजिओप्लास्टीचं प्रकरण. हा घोळ घरोघरी होतो.) अशा रुग्णांना चक्कर येते, चालता चालता शुद्ध हरपते.

पेसमेकर हे काम बाहेरून करतो. कॉलरबोनच्या खाली, त्वचेच्या आत बसवलेली धातूची डबी, तिच्यात बॅटरी आणि सर्किट. डबीतून निघालेल्या एक किंवा दोन वायरी शिरेतून हृदयात गेलेल्या. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आके सेनिंग या शल्यविशारदांनी, रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेलं असं पहिलं यंत्र आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवलं. ते काही तासांतच बंद पडलं. लार्सन यांना आयुष्यभरात एकूण २६ यंत्रं लागली, पण ते ८६ वर्षं जगले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही नंतरपर्यंत. हा रुग्ण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पेसमेकर म्हणजे एकदा बसवला आणि विसरलो असं प्रकरण नाही, हे पहिल्याच माणसाच्या आयुष्याने दाखवून दिलं.

आता अक्षरं. पहिलं अक्षर सांगतं, मशीन कुठल्या कप्प्याला ठोका देतं. 'ए' म्हणजे वरचा कप्पा, 'व्ही' म्हणजे खालचा, 'डी' म्हणजे दोन्ही. दुसरं अक्षर सांगतं, मशीन कुठल्या कप्प्याचं ऐकतं. तिसरं सांगतं, हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू आला तर काय करायचं. 'आय' असेल तर गप्प बसायचं. 'डी' असेल तर काही वेळा गप्प बसायचं आणि काही वेळा वरच्या ठोक्यामागोमाग खाली ठोका द्यायचा. 'ओ' असेल तर काहीच करायचं नाही; दुसऱ्या जागी 'ओ' असेल तर ऐकायचंच नाही. चौथ्या जागी 'आर' असेल तर माणूस चालायला लागला, जिना चढला की मशीन स्वतःहून ठोके वाढवतं. पाचवं अक्षर एकाहून जास्त जागी ठोके देणाऱ्या यंत्रांसाठी आहे, ते फारसं दिसत नाही. पाच अक्षरांच्या या पद्धतीचं आजचं रूप २००२ साली ठरलं आणि ते जगभर एकच आहे. पुण्यात लिहिलेलं 'व्हीव्हीआय' बोस्टनमधला डॉक्टरही तसंच वाचतो.

व्हीव्हीआय म्हणजे खालच्या कप्प्याला ठोका द्यायचा, खालच्याचंच ऐकायचं आणि हृदयाने स्वतः ठोका दिला तर थांबायचं. घरातल्या इन्व्हर्टरसारखं, वीज आहे तोवर शांत, गेली की लगेच चालू. अशा मशीनला बहुधा एकच वायर असते. डीडीडीला बहुधा दोन असतात आणि वरच्या-खालच्या कप्प्यांचा ताळमेळ राखला जातो. म्हणूनच डीडीडी असलेल्या माणसाला चढण चढताना बरं वाटतं.

अक्षरांपुढचा '६०-१३०' हाही वाचता आला पाहिजे. ६० ही खालची मर्यादा. ठोके त्याखाली गेले की मशीन मदतीला येतं. १३० ही वरची. वरच्या कप्प्याचे ठोके कितीही वाढले तरी मशीन खालच्या कप्प्याला त्याहून वेगाने हाकत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून ४५ दिसलं की घरचे घाबरतात, 'मशीन बंद पडलं' म्हणून धावतात. पुष्कळदा मशीन ठीक असतं. मध्येच एखादा जास्तीचा, अशक्त ठोका पडतो, तो बोटापर्यंत पोचत नाही आणि ऑक्सिमीटर कमी मोजतो. काही मशीनमध्ये झोपेसाठी मुद्दाम कमी मर्यादा ठेवलेली असते. पण नाडी कमी लागते आणि चक्कर, दम किंवा शुद्ध हरपणंही आहे, तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आजाराचे क्रमांक

आजारांना क्रमांक देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत म्हणजे आयसीडी. तिची दहावी आवृत्ती आपल्याकडच्या रुग्णालयांत वापरली जाते. अमेरिकेने तिला स्वतःची पुष्कळ भर घालून १ ऑक्टोबर २०१५ पासून ती लागू केली. त्यात आय ४४.२ म्हणजे कम्प्लीट हार्ट ब्लॉक. आय ४९.५ म्हणजे सिक सायनस सिंड्रोम. आणि झेड ९५.० म्हणजे या माणसाच्या अंगात पेसमेकर आहे.

झेड ९५.० कुठला पेसमेकर ते सांगत नाही, का बसवला ते सांगत नाही, वायरी किती ते सांगत नाही. आणि एक मोठी गोष्ट आहे जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पेसमेकरसारखंच दिसणारं, त्याच जागी बसवलेलं दुसरं एक यंत्र असतं, हृदयाचे जीवघेणे वेगवान ठोके शॉक देऊन थांबवणारं डिफिब्रिलेटर. त्यालाही सगळे आयसीडीच म्हणतात, त्यामुळे फाइलमध्ये 'आयसीडी' दिसलं तर कुठलं ते नीट बघावं. अमेरिकन पद्धतीत पेसमेकरला झेड ९५.० आणि शॉक देणाऱ्या यंत्राला झेड ९५.८१० असे वेगळे क्रमांक आहेत. जागतिक संघटनेच्या यादीत मात्र झेड ९५.० खालीच हृदयातली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं येतात.

याने काय बिघडतं? ऑपरेशनच्या वेळी छातीवर चुंबक ठेवला तर साधारणपणे पेसमेकर ऐकणं बंद करून ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. डिफिब्रिलेटरवर तोच चुंबक ठेवला तर त्याचं शॉक देणं थांबतं, पण ठोके देण्याची पद्धत तशीच राहते. एकच कृती, दोन यंत्रांवर दोन परिणाम. शॉकवालं यंत्र असलेल्या आणि पूर्णपणे मशीनवर अवलंबून असलेल्या रुग्णाला 'चुंबक ठेवलाय, आता काळजी नाही' असं धरून चालणं धोक्याचं आहे. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसता क्रमांक पुरत नाही. यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख शब्दांत लिहून घ्या. डॉक्टर नाही म्हणत नाहीत, मागायला मात्र लागतं.

दुसरी गफलत आजाराच्या नावाची. पेसमेकर बसला, चक्कर थांबली, की पुढच्या कागदांवरून 'हार्ट ब्लॉक' हे नाव गळतं आणि नुसतं 'पेसमेकर असलेला रुग्ण' उरतं. आजार गेलेला नसतो. मशीन त्याला रोज, दर मिनिटाला सांभाळत असतं. कोडिंग करताना आम्ही दोन्ही लिहितो, आजारही आणि यंत्रही. तुमच्याकडच्या कागदांवरही दोन्ही असायला हवं.

आणि बॅटरी. पेसमेकरची बॅटरी साधारण ७ ते १२ वर्षं चालते, ती चार्ज होत नाही आणि डबी सीलबंद असल्यामुळे बॅटरी संपली की सगळी डबीच बदलतात. वायरी चांगल्या असतील तर त्या तशाच राहतात. बॅटरी संपणं हा बिघाड नव्हे. अमेरिकन यादीत त्या भेटीला झेड ४५.०१० हा देखभालीचा क्रमांक मिळतो. वायर खरोखर तुटली तर टी ८२.११०, वायर जागेवरून सरकली तर टी ८२.१२०, जंतुसंसर्ग झाला तर टी ८२.७. हे सगळे कॉम्प्लिकेशनचे, म्हणजे उपचारानंतर उद्भवलेल्या अडचणींचे क्रमांक. नवीन कोडर पहिल्या वर्षात इथेच हमखास चुकतात. बॅटरी संपल्याला 'यंत्र बिघडलं' लिहिलं की यंत्रात दोष होता असा अर्थ निघतो आणि बिल अडकतं. आपल्याकडच्या क्लेममध्येही 'मशीन फेल' असं मोघम लिहिलेलं असेल तर विमा कंपनीचे प्रश्न सुरू होतात. 'बॅटरी आयुष्य संपल्यामुळे बदलली' असं स्पष्ट लिहिलेलं केव्हाही बरं.

शस्त्रक्रियेचे क्रमांक

हा भाग अमेरिकेपुरता आहे, त्यामुळे थोडक्यात. तिकडे फक्त वरच्या कप्प्यात वायर घालून पेसमेकर बसवला तर ३३२०६, फक्त खालच्या तर ३३२०७, दोन्हींत तर ३३२०८. नुसती डबी बदलली तर एका वायरीच्या मशीनला ३३२२७, दोन वायरींच्या मशीनला ३३२२८. बिनवायरीचा, थेट हृदयात सोडलेला इवलासा पेसमेकर असेल तर ३३२७४. तिकडे २०१६ साली अशा पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली.

आपल्याकडे महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि मेडिक्लेममध्ये पॅकेजची पद्धत आहे. रुग्णालय आधी मंजुरी मागतं, ईसीजी आणि डॉक्टरांची नोंद जोडतं. मेडिक्लेमसाठी यंत्राचं स्टिकर आणि त्याचं वेगळं बिल लागतं. तिथे मूळ कागद जमा करावे लागतात, म्हणून स्टिकरचा फोटो आधीच काढून ठेवा. पुढे कंपनीने एखाद्या मॉडेलबद्दल सूचना काढली तर सिरियल नंबरवरूनच कळतं की ती तुमच्या यंत्राला लागू आहे की नाही.

पहिले दीड-दोन महिने

वायरीचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुजायला वेळ लागतो. तोपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड उचलू नये. साधारण चार ते सहा आठवडे. पण भीतीपोटी हात पोटाशी बांधून बसू नये, खांदा जखडतो आणि मग त्याचंच दुखणं होऊन बसतं. हात खांद्याच्या खाली हलता ठेवायचा.

जखमेची जागा रोज बघा. लाली, गरमपणा, सूज, पाणी किंवा पू, ताप, यातलं काहीही दिसलं तर ज्यांनी मशीन बसवलं त्यांच्याकडेच जा. गावातल्या दवाखान्यात 'थोडं पाणी साठलंय, सुईने काढू' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात, आणि मशीनच्या खिशात, म्हणजे डबी ठेवलेल्या त्वचेखालच्या जागेत, संसर्ग झाला तर बहुतेक वेळा डबीसकट सगळ्या वायरी काढाव्या लागतात. पुढे केव्हाही त्वचा पातळ होऊन डबीची कड दिसायला लागली तरी तितकीच घाई करा. त्वचेखालची डबी बोटांनी चाळवू नका, काही जणांना तशी सवय लागते आणि वायर ओढली जाते.

चेकिंगला काय बघतात

छातीवर वाँड, म्हणजे माहिती वाचणारं हातातलं उपकरण, ठेवतात किंवा बिनतारी जोडणी करतात आणि प्रोग्रामरच्या, म्हणजे मशीनशी जोडल्या जाणाऱ्या खास संगणकाच्या, पडद्यावर मशीनची सगळी माहिती उघडते. बॅटरी किती उरली. ठोका देण्यासाठी किती व्होल्ट लागतात. वायरीचा रोध किती ओहम. वायर तुटली तर ओहमचा आकडा एकदम वाढतो, तिचं आवरण फाटलं तर घसरतो. शंभरातले किती ठोके मशीनने दिले, हेही दिसतं. खालच्या कप्प्याला मशीनचे ठोके फार मोठ्या प्रमाणात लागत असतील तर काही रुग्णांचं हृदय हळूहळू कमजोर होतं, म्हणून अशा वेळी इको करून बघतात. आणि रुग्णाला न जाणवलेले वरच्या कप्प्याचे बेताल, वेगवान ठोके मशीनने टिपून ठेवलेले असतात. त्यातून पक्षाघाताचा धोका वेळेआधी कळू शकतो. 'बरं तर वाटतंय, कशाला जायचं?' म्हणून चेकिंग चुकवणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं.

पहिली तपासणी दोन-तीन महिन्यांत, नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, बॅटरी संपत आली की जास्त वेळा. बदलण्याची वेळ आली की काही कंपन्यांची यंत्रं वीज वाचवण्यासाठी आपोआप साध्या व्हीव्हीआय पद्धतीवर उतरतात. त्यामुळे कालपर्यंत ठणठणीत असलेल्या माणसाला अचानक थकवा, दम जाणवतो. वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका, चेकिंग करून घ्या.

प्रत्येक चेकिंगचा छापील कागद मागून घ्या आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, "हे पूर्णपणे मशीनवर अवलंबून आहेत का?" मशीनची गती क्षणभर खाली आणून स्वतःचा ठोका पडतो का ते तिथे पाहता येतं. उत्तर कार्डावर लिहून घ्या. भूलतज्ज्ञाला सर्वांत आधी तेच हवं असतं.

ऑपरेशन, एमआरआय आणि घर

बहुतेक ऑपरेशनांत शल्यविशारद रक्त थांबवायला विजेची कॉटरी वापरतात. तिची वीज पेसमेकरला हृदयाचा ठोका वाटू शकते. मशीन गप्प बसतं, आणि रुग्ण पूर्ण अवलंबून असेल तर ठोकाच पडत नाही. त्यामुळे आधी पेसमेकर क्लिनिकला विचारून गरज असेल तर मशीन तेवढ्यापुरतं व्हीओओ किंवा डीओओ पद्धतीवर ठेवतात. यातले दोन 'ओ' म्हणजे काही ऐकायचं नाही आणि त्यावर काही करायचंही नाही. ऑपरेशननंतर मशीन पुन्हा मूळ पद्धतीवर आणलं का, हे विचारायला विसरू नका. नाभीच्या वरच्या ऑपरेशनात हा धोका जास्त असतो.

एमआरआयबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. 'पेसमेकर म्हणजे एमआरआय कधीच नाही' हे आता खरं नाही. 'नवीन मशीन आहे, चालतो' हेही पुरेसं नाही. डबी आणि वायरी दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या असाव्या लागतात आणि एखादी जुनी, निकामी वायर आत सोडलेली असेल तर हिशेब बदलतो. स्टिकरचा फोटो इथे उपयोगी पडतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन बिनधास्त करावेत. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीला जाल तर पेसमेकर आहे हे आधी सांगा. शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी दिलेला खोल शेक) घ्यायची नाही, टेन्स मशीनही (त्वचेवरून विजेचे हलके झटके देणारं) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नुसता पेसमेकर आहे म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते.

घरात मिक्सर, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन सगळं चालतं. मोबाइल मशीनपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नाही, आणि बोलताना दुसऱ्या कानाला. चुंबक बसवलेले नवे फोन आणि घड्याळांचे चार्जर याबाबत जास्त जपा. इंडक्शनच्या शेगडीवर ओणवून स्वयंपाक करू नये, साधारण दोन फूट अंतर ठेवावं. विमानतळाच्या किंवा देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून थांबून न राहता निघून जावं. हातातलं यंत्र छातीवरून फिरवू देऊ नये, कार्ड दाखवावं.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टर आपणहून क्वचितच सांगतात. माणूस गेल्यावर दहन करायचं असेल तर आधी पेसमेकर काढावा लागतो. उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो आणि दाहिनीचं, तिथे काम करणाऱ्या माणसांचं नुकसान होऊ शकतं. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृतदेह ताब्यात घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगावं, छोटा छेद घेऊन डबी काढता येते. घरी झाला असेल तर मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. यंत्र शॉक देणारं असेल तर ते आधी प्रोग्रामरने बंद करावं लागतं, नाहीतर काढताना हात लावणाऱ्यालाही शॉक बसू शकतो. म्हणून यंत्र पेसमेकर आहे की डिफिब्रिलेटर, हे तिथेही आधी सांगावं.